मुलीकडची माणसं

"पंखा कोणी तरी बारीक केला तर बरं होईल," माझे सासरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

खोलीत मी सोडून दुसरं कोणी नव्हतं. मी उठलो, पंखा बारीक केला आणि परत खुर्चीत बसलो. थोड्या वेळानं भिंतीला दुसरा निरोप गेला, "आता उकडायला लागलं."

मी परत उठलो.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात हिंदुराव चौगले माझ्याशी सरळ एक वाक्य बोलले नव्हते. भांडण नव्हतं, शिवीगाळ नव्हती. दिवाळीला यायचे, नातीला खाऊ आणायचे, माझ्या ताटाशेजारी बसून जेवायचे. पण मला काही सांगायचं झालं की ते माझ्या बायकोच्या, मालाच्या तोंडून. "माली, त्यांना म्हणावं, भाकरी घ्या." मी हातभरावर बसलेलो असायचो. मीही मग त्याच वाटेनं उत्तर द्यायचो, "माला, बाबांना सांग, पोट भरलं." शेवटी माला वैतागायची, "मी काय पोस्टमन आहे का तुम्हा दोघांची?"

कळे गावात आमचा आवळे घराण्याचा बँड आहे. मी क्लॅरिनेट वाजवतो. हिंदुराव एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर-कणकवली गाडीवर. घाटातला त्यांचा हात नावाजलेला. त्यांच्या शिकलेल्या लेकीनं बँडवाल्याशी, त्यातही दुसऱ्या जातीतल्या, लग्न करायचं ठरवलं तेव्हा त्यांनी आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाले, "माझ्याकडचं कोण येणार न्हाय." आणि खरंच कोणी आलं नाही. रस्त्याकडेच्या मारुतीच्या देवळापुढं मांडव घातला होता. माझ्या बाजूला सगळं गाव, मालाच्या बाजूला तिची एक मैत्रीण. मामा म्हणून तिच्या मागं आमच्या बँडचा ढोलवाला उभा राहिला. माला त्याबद्दल कधी बोलली नाही. पण कुणाच्या लग्नाला गेलो आणि मुलीकडची माणसं हसत-खिदळत मांडवात शिरायला लागली, की ती उगाच पदर सारखा करत दुसरीकडे बघायची.

तर त्या साली सासऱ्यांना नागीण उठली. ते गगनबावड्याच्या अलीकडे त्यांच्या गावी एकटेच राहायचे. माला शनिवारी त्यांना भेटायला गेली तर डाव्या कपाळावर लालभडक फोड, पापणीपर्यंत उतरलेले, आणि हे गेरूचा लेप लावून उन्हात बसलेले. तिनं त्यांची कपड्यांची पिशवी आणि दाढीची डबी उचलली, त्यांना तसंच गाडीत घालून आणलं आणि थेट डॉक्टर मुजावरबाईंच्या दवाखान्यात नेलं. मीही गेलो.

बाईंनी कपाळ बघितलं, डोळ्यावर बॅटरी मारून बघितलं. म्हणाल्या, "बाबा, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? त्याचाच विषाणू अंगात झोपून राहतो आणि म्हातारपणी असा उठतो. लेपानं तो जात नाही. ह्या गोळ्या त्या विषाणूवरच्या आहेत. जेवढ्या लवकर सुरू होतील तेवढा डोळ्याचा धोका कमी."

"नागिणीचा वेढा पुरा होऊन तोंडाला तोंड मिळालं म्हंजे माणूस जातंय म्हणत्यात," सासरे म्हणाले.

"नाही जात. पण डोळा जाऊ शकतो, म्हणून ऐका. सकाळ, दुपार, रात्र, ठरल्या वेळी. चुकलीच तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. फोड वाळायला लागले म्हणून मधेच बंद करायच्या नाहीत. आणि पाणी भरपूर प्यायचं. किडनीचा काही त्रास? दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"काय न्हाय. लोखंड हाय मी."

"खरं सांगा बाबा. ही गोळी किडनीवाटे बाहेर पडते. किडनी कमजोर असेल तर मला प्रमाण कमी करावं लागेल."

"सांगितलं की, लोखंड."

बाईंनी मालाकडे बघितलं. माला म्हणाली, "माझ्या माहितीत तरी काही नाही." बाईंनी रक्त तपासायला सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं. डोळ्यांचं काम त्याच दिवशी झालं, थेंब मिळाले. रक्ताचं मात्र राहिलं. रविवारी लॅब बंद. आमची लेक शिकायला हॉस्टेलवर, आणि सोमवारी पहाटे मालाला पुण्याला जावं लागलं, शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, रजा मिळेना. जाताना ती दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "आता तरी बोला एकमेकांशी. मी नाही मधे."

त्यावर सासऱ्यांनी भिंत शोधून काढली.

सोमवारी मी लॅबवाल्याला घरी बोलावतो म्हटलं तर भिंतीला उत्तर मिळालं, "सुया टोचून घ्यायला मी काय गोधडी हाय?" सकाळची गोळी त्यांनी झोपेत चुकवली होती. दुपारी ते दोन काढून हातावर घेऊन बसले. "दोन्ही एकदम टाकल्या की भरपाई झाली," ते भिंतीला म्हणाले. मीही मग भिंतीलाच म्हणालो, "डॉक्टरांनी दोन एकदम घ्यायला नको म्हटलंय." मग एक गोळी पाकिटात परत गेली. मला बरं वाटलं. भिंतीवाटे का होईना, गाडी पुढं सरकत होती.

पण पाण्याचं काही जमेना. मी तांब्या भरून ठेवायचो, संध्याकाळी तो तसाच. जन्मभर गाडीवर पाणी न पिण्याची सवय. पन्नास माणसं मागं बसवून घाटात मधेच कुठं उतरणार? तहान मारायला ते शिकले होते ते शिकलेच.

मंगळवारी दुपारी मी ओसरीवर क्लॅरिनेट पुसत बसलो होतो. आतून हाक आली.

"मगदूम! अरे मगदूम!"

मगदूम हा त्यांचा कंडक्टर. वर्षानुवर्षं दोघं एका गाडीवर होते. तो आदल्या वर्षीच वारला होता.

मी आत गेलो. सासरे खाटेच्या कडेला बसले होते, पाय खाली, दोन्ही हात पुढं धरलेले. हातांना बारीक कंप होता. नजर समोर, पण समोरच्या भिंतीच्या पार पलीकडं.

"बाबा, काय झालं?"

"काय झालं म्हंजे? गाडी भरली, बेल दे की!"

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण माझ्याशी चेष्टा? "बाबा, मी बळवंत," मी म्हणालो. ते चवताळून उठायला गेले आणि तोल जाऊन माझ्याच अंगावर आले. मी त्यांना कसंबसं परत बसवलं. जीभ जड झाली होती त्यांची. सकाळी चहा पिणारा माणूस हा नव्हताच.

शेजारच्या हौसाकाकू आवाज ऐकून आल्या आणि दारातच कपाळाला हात लावला. "अगं बया, नागीण डोक्यात चढली! बळवंता, पलीकडच्या वाडीत मंत्र घालणारा हाय, त्याला बोलीव आधी."

मी डॉक्टर मुजावरबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे एकेक विचारलं. ताप आहे का, शुद्ध आहे का, गिळता येतंय का, लघवी कधी झाली. शेवटचा प्रश्न परत तोच, "दुसरी कुठली गोळी घेतात का हो?"

"नाही," मी म्हणणारच होतो. तेवढ्यात सासरे म्हणाले, "मगदूम, माझी गुडघ्याची गोळी काढ. क्लचवर तंगडी चालंना."

मी फोन कानाशी धरूनच वाकलो. "कुठं ठेवलीय?"

"रोजच्या जागी. दाढीच्या डबीत. आणि मालीला बोलू नको. गावच्या डॉक्टरनं सांगितलंय, तुझी किडनी दमलीय, गुडघ्याच्या गोळ्या सोड. मालीला कळलं तर ती मला नेऊन घरात बसवंल. मग जावयाच्या घरात काय तोंड घेऊन बसू?"

दाढीच्या डबीत ब्रशखाली दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं होती. एक जवळजवळ रिकामं. मी त्यावरचं नाव अक्षर लावून बाईंना वाचून दाखवलं, किडनीचंही सांगितलं.

बाई म्हणाल्या, "आता कुठलीच गोळी देऊ नका. विषाणूचीही नको आणि ही तर नकोच. गिळता येतंय तर घोट घोट पाणी द्या, एकदम नको. आणि ताबडतोब कोल्हापूरला न्या, मी तिथं फोन करून ठेवते. आणि आवळे, नागीण डोक्यात चढलेली दिसत नाही. औषध साचलंय, असं वाटतंय मला. खात्री तिथं होईल."

न्या म्हणणं सोपं. सासरे खाट सोडायला तयार नव्हते. गाडी घाटात आहे, स्टिअरिंग सोडलं तर सगळे दरीत, असं त्यांचं म्हणणं. माझा हात लागला की ओरडायचे. पाण्याचा पेला पुढं केला तर हातानं उडवला.

मग मला काय सुचलं कोण जाणे. मी दारात उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "डायवरसाहेब, इंजिन तापलंय. पाणी घालायला लागेल."

त्यांनी मान वळवली. "वास येतोय मला बी. घाल."

मी पेला त्यांच्या ओठांना लावला. ते एक घोट प्यायले. "अजून," मी म्हणालो. अजून एक. असा पेला संपला. हौसाकाकू तोंडाला पदर लावून बघत होत्या. मंत्रवाला त्या विसरून गेल्या होत्या. पेला खाली ठेवतोय तोवर त्याच पुढं झाल्या आणि खाटेसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "डायवरदादा, मला कोल्हापूरला जायचंय. गाडी कवा सुटणार? माझं माणूस दवाखान्यात हाय."

"हीच गाडी, मावशी."

"मग बदलून घ्या की. ही तापलीय. तिकडं दुसरी लागलीय."

सासरे विचारात पडले. मग खांदे सैल सोडून म्हणाले, "मगदूम, माणसं दुसऱ्या गाडीत घे."

अशी आमची वरात निघाली. दारात रिक्षा, मागच्या बाकावर मधे सासरे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचं तिकीट काढलेल्या हौसाकाकू. रस्त्याला लागल्यावर ते जरा शांत झाले. गाडी चालू आहे एवढं त्यांना पुरत होतं. वळण आलं की अंग त्या बाजूला झुकायचं.

मारुतीचं देऊळ दिसलं तसे ते ताठ झाले.

"थांब. थांब! मगदूम, डबल बेल देऊ नको. थांबव गाडी."

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच 'चल' म्हटलं. पण वेग कमी झालाच होता. सासरे माझ्या अंगावरून बाहेर बघत होते. रिकाम्या देवळापुढं एक कुत्रं झोपलं होतं, बस्स.

"मंगलाष्टका चालू हायत," ते हळू आवाजात म्हणाले. "अक्षता आणल्यास? मागं दे. सगळ्यांस्नी दे." आणि त्यांचा हात वर उठला, मूठ उघडली आणि मिटली.

कुणाच्या मंगलाष्टका आणि कसल्या अक्षता! साचलेल्या औषधाचे हे खेळ, असं मी मनाशी म्हणालो आणि त्यांचा हात धरून खाली घेतला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

दवाखान्यात बाईंचा फोन आधीच पोचला होता. सलाईन लावलं, रक्त घेतलं, डोक्याचंही तपासलं. रिपोर्ट आल्यावर तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. नागिणीची गोळी चांगलीच होती, तिनंच डोळा वाचवला असता. पण किडनी आधीच अर्धवट काम करत होती, त्यात दुखण्याच्या गोळ्यांनी तिला आणखी दाबलं, त्यात अंगात पाणी नाही. गोळी बाहेर पडायची ती रक्तात साचत गेली आणि डोक्यावर परिणाम झाला. "वेळेत आणलंत," ते म्हणाले. "आणि ती पाकिटं सोबत आणलीत हे फार बरं केलंत. नाही तर आम्ही मेंदूचा आजार शोधत बसलो असतो."

माला संध्याकाळी पुण्याहून पोचली. वडील तिला ओळखेनात, "बाई, पुढच्या गाडीनं या," म्हणाले, तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्याजवळ बसून राहिलो.

पण ओसरलं सगळं, हळूहळू. एका सकाळी नर्सनं नाव विचारलं तर खणखणीत उत्तर आलं, "हिंदुराव ज्ञानू चौगले, बॅज नंबर सांगू?" माला हसत हसत रडली. मग डॉक्टरांनी किडनीला झेपेल एवढ्या कमी प्रमाणात नागिणीची गोळी पुन्हा सुरू केली, आणि ती शेवटपर्यंत पुरी केली. डोळा वाचला. कपाळावर एक पांढुरका डाग राहिला तेवढाच. गुडघ्याला शेक आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मलम. पुढं कुठल्याही दवाखान्यात गेले की बसायच्या आधी सांगायचे, "किडनी अर्धी हाय माझी. गोळी बेतानं द्या." आणि घरात बसवतील म्हणून घाबरणारा तो माणूस पुढची दहा वर्षं आमच्याच घरात राहिला, माझ्या बँडच्या गाडीची देखभाल करत, मजेत.

पण मला सांगायचंय ते दवाखान्यातून घरी येतानाचं. दुपारची वेळ, भाड्याची जीप, पुढं सासरे, मागं मी आणि माला. रंकाळा मागं पडला, ऊसवाले ट्रॅक्टर लागले. सासरे समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मी काय काय बडबडलो?"

मालानं माझ्याकडे बघितलं. मी गप्पच होतो, मला वाटलं काचेला विचारलंय.

"बळवंत, तुला इचारतोय मी."

एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. "गाडी चालवत होता," मी म्हणालो. "मला मगदूम म्हणत होता."

"कुठवर नेली?"

"कळ्यातनं निघालो तर मारुतीच्या देवळापाशी थांबव म्हणालात. अक्षता मागत होतात."

देऊळ जवळ आलं तसं त्यांनी जीपवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "इथं बाजूला घे." गाडी थांबली. ते उतरले नाहीत. काच खाली केली आणि हाताचं कोपर खिडकीवर टेकवून देवळाकडं बघत राहिले.

"त्या दिवशी मी रजा काढली नव्हती," ते म्हणाले. "म्हटलं, घरात बसलो तर पाय इकडं वळतील. गाडीवर असलो म्हंजे ती भीती न्हाय. आणि नेमकी गाडी इथं आली आन् मंगलाष्टका चालू. पाय आपोआप ब्रेकवर गेला."

मालाचा हात माझ्या मनगटावर येऊन घट्ट बसला.

"मागनं माणसं वरडायला लागली, गाडी का थांबली म्हणून. मगदूम उठला आणि सगळ्यांस्नी सांगून मोकळा झाला. डायवरच्या पोरीचं लग्न हाय, आत जात न्हाय, हट्टाला पेटलाय. मी त्याला मारायलाच उठलो होतो. पण गाडीत एकदम चिडीचूप झालं. मग मागनं एक म्हातारी म्हणाली, बाबा, तू जाऊ नको, पण आम्हाला अक्षता तर दे. मगदूम पळत गेला आणि मांडवाच्या तोंडाला बाई वाटत होती, तिच्याकडनं रुमालभर घेऊन आला. सगळ्यांस्नी वाटल्या. पोरं, बाया, उभी माणसं, कोकणात चाललेली, कुठली कुठली. खिडक्यांतनं हात बाहेर काढून बसली. आतनं सावधान झालं की टाकायची. मी बी टाकल्या, स्टिअरिंगवरनं."

"बाबा," माला म्हणाली.

"शेवटाला मी एकदा हॉर्न दिला होता. पर ह्या बळवंताच्या बँडात कुणाला काय ऐकू जातंय!"

जीपवाला खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. माला पुढं वाकली, सीटमागून वडिलांच्या गळ्यात हात टाकून तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांनी तिच्या केसांवर दोनदा थोपटलं, अवघडल्यासारखं.

"तुझ्याकडचं कोण आलं न्हाय म्हणून झुरत होतीस व्हय गं एवढी वर्षं?" ते म्हणाले. "अख्खी गाडी भरून होती, माली. जेवली तेवढी न्हाईत."